नेदरलँड्स आणि बांगलादेश दोन्ही सखल, मग दोघांची गत इतकी वेगळी का?

तुमचा प्रश्न असा, की हे दोन्ही देश मोठ्या नद्यांच्या मुखाशी, समुद्राला टेकलेले. तरी एकाने पाणी आवरलं आणि दुसरा दरवर्षी पुराखाली जातो. यात भूगोल किती आणि माणसं किती?

मी गोव्यातल्या चोडण बेटाचा. बरीच वर्षं तारवर, म्हणजे मालवाहू जहाजांवर, इंजिनरूममध्ये काढली. नेदरलँड्समधलं रॉटरडॅम आणि बांगलादेशातलं चट्टग्राम ही दोन्ही बंदरं पाहिली आहेत आणि घरची शेती खाजनातली, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतली. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

जहाजावरच्या माणसाला फरक आधी पाण्यात दिसतो. ज्यांचा तळ पाण्याखाली वीस मीटरहून जास्त खोल असतो अशी जहाजंही रॉटरडॅमला आत घेतात. चट्टग्रामला कर्णफुली नदीत शिरायचं तर भरतीची वाट बघायची, आणि माझ्या काळात आतल्या धक्क्यांसाठी मर्यादा साडेनऊ मीटरांच्या आसपासच होती. त्याहून जड जहाजाने बाहेर नांगर टाकायचा, मग लहान जहाजं येऊन गहू किंवा सिमेंटचा क्लिंकर उतरवून नेणार. गोव्यात मांडवी नदीतून खनिजाच्या बार्जेस जाताना ज्यांनी पाहिल्या त्यांना ही कसरत लगेच कळेल. आणि पाण्याचा रंग! किनारा नजरेत येण्याआधीच समुद्र दुधाच्या चहासारखा दिसू लागतो.

तो रंग म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना मिळून वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ आणतात. ऱ्हाईन नदीचा गाळ त्याच्या एक टक्काही भरत नाही. दोन्हीकडची जमीन सखल आहे हे खरं, पण तिच्यावर येणारं पाणी एका जातीचं नाही.

नेदरलँड्समध्ये काय झालं ते बघा. हजारेक वर्षांपूर्वी लोकांनी तिथल्या दलदलीत चर खणून पाणी काढलं आणि धान्य पेरलं. पण ती माती म्हणजे पीट, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर. पाणी काढून तिला हवा लागली की ती कुजत जाते आणि खचते. जमीन जितकी कोरडी केली तितकी खाली गेली, म्हणून बांध उंच केले, मग पवनचक्क्या लावून पाणी उपसायला लागले, की जमीन आणखी खाली. आज देशाचा साधारण २६ टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि सर्वात खोल जागा पावणेसात मीटर खाली. ओल्या, खचलेल्या जमिनीत गहू नीट येईना, तेव्हा लोक गाईंकडे वळले. लोणी आणि चीज विकायचं, धान्य बाल्टिककडून जहाजांनी आणायचं. धान्याच्या त्या व्यापाराने अ‍ॅमस्टरडॅम मोठं झालं. त्यांच्या श्रीमंतीत पुढे वसाहतींचा वाटा मोठा आहे हेही विसरता येत नाही, पण जहाजांकडे त्यांना ढकललं ते खचणाऱ्या मातीने.

बांगलादेशात उलट. तिथे पूर येतो तोच जमीन बांधतो. बंगालीत त्यासाठी दोन शब्द आहेत: 'बर्षा' म्हणजे नेहमीचं, हवंहवंसं पाणी, आणि 'बन्या' म्हणजे नासधूस करणारा पूर. साधारण वर्षी देशाचा पाचवा ते चौथा हिस्सा पाण्याखाली जातो आणि नवा गाळ मिळतो. त्या गाळावर वर्षात दोन-तीन भाताची पिकं निघतात, म्हणून एवढ्याशा देशात सतरा कोटी माणसं राहू शकतात. १९९८ ला मात्र दोन तृतीयांश देश बुडाला. शिवाय या नद्यांच्या पाणलोटाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग देशाबाहेर आहे. पाणी कधी आणि किती येणार हे ढाक्यात ठरत नाही.

एक गोष्ट मला गोवेकर म्हणून विशेष जाणवली. आमच्याकडे कुदळ मारली की चिरा लागतो. या दोन्ही देशांत बहुतेक ठिकाणी पायाखाली दगडच नाही. डच लोकांनी मातीत लाकडी खांब ठोकून वर विटांची घरं उभारली. अ‍ॅमस्टरडॅमचा राजवाडा १३,६५९ खांबांवर उभा आहे. बांगलादेशात विटा भाजायच्या आणि फोडून त्यांचीच खडी करायची. आणि जमुनाकाठचा (ब्रह्मपुत्रेला तिथे जमुना म्हणतात) माणूस पत्र्याचं घर बांधतो, कारण नदी काठ खाऊ लागली की ते उतरवून दुसरीकडे नेता येतं. एकाला घर कायमचं रुतवायचं होतं, दुसऱ्याला ते उचलता यायला हवं होतं.

आता माणसांचा वाटा. नेदरलँड्समध्ये बांध राखणाऱ्या स्थानिक पाणी-मंडळांची परंपरा तेराव्या शतकापासूनची आहे. त्यांची निवडणूक होते, ती कर गोळा करतात. 'जो बांध घालणार नाही त्याने जागा सोडावी' अशा अर्थाची त्यांची म्हण आहे. आमच्या गावकारीची, म्हणजे गावाने मिळून जमीन आणि बांध राखायची, पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. तरीही १९५३ च्या वादळात बांध फुटले आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी समुद्राच्या खाड्याच बंद करायला घेतल्या.

असाच बांध बांगलादेशात घालून बघितला गेला. १९६० च्या दशकापासून किनाऱ्यावर १३९ पोल्डर, म्हणजे बांधाने वेढलेले सखल जमिनीचे तुकडे, उभे राहिले. हा डच शब्द तिकडे तसाच रुळला. सुरुवातीला खारं पाणी थांबलं, पीक वाढलं. पण गाळाला शेतात यायची वाट बंद झाली, तो नद्यांच्या पात्रात बसला आणि पात्रं भरली. आतल्या शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जाईना. नैऋत्येच्या काही पोल्डरांतली जमीन बाहेरच्या सुंदरबनापेक्षा मीटर-दीड मीटरने खाली राहिली. २००९ च्या आयला वादळात असे बांध फुटले, तेव्हा काही ठिकाणी भरतीचं पाणी जवळजवळ दोन वर्षं शेतात येत-जात राहिलं. लोकांचे हाल झाले. पण त्याच पाण्याने आत गाळाचा जाड थरही टाकला.

खरं तर गावकऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं. १९९० मध्ये बिल डाकातिया (बिल म्हणजे सखल पाणथळ जागा) इथे आणि १९९७ मध्ये बिल भायना इथे लोकांनी स्वतः बांध कापून भरती आत घेतली. गाळ बसला, नदी पुन्हा खोल झाली. सरकारने पुढे हीच पद्धत योजनेत घेतली.

हे वाचल्यावर मला आमची मानस आठवली. खाजनाच्या बांधात बसवलेली ही लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी सोडतात. पावसात त्यामुळे गोड्या पाण्यावर कोरगुट भात पिकतं. कापणी झाल्यावर काही खाजनांत खारं पाणी मुद्दाम आत घेत, मासे मिळत. बांधही आहे आणि वाटही आहे. मानशीची दारं आणि बांध वर्षानुवर्षं बघणारं कोणी नसेल तर शेतात खारफुटी उगवते. आमच्याच गावात मी हे बघतोय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

बांगलादेशने हात टेकले असं मात्र म्हणू नका. १९७० च्या भोला वादळात तीन लाखांहून जास्त माणसं गेली. २००७ च्या सिद्र वादळात सुमारे ३,४००. २०२० च्या अम्फानमध्ये काही डझन. किनारा तोच, समुद्र तोच. मध्ये उभे राहिले ते उंच निवारे आणि मेगाफोन घेऊन गावोगाव फिरणारे हजारो स्वयंसेवक.

आणि डच लोकही आता नदीला वाट देऊ लागलेत. १९९५ ला नद्या फुगल्या तेव्हा सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. मग नायमेखन शहराजवळ वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे नेला. ओव्हरडीप नावाच्या पोल्डरमध्ये बांध कमी उंचीचा केला, म्हणजे मोठ्या पुरात पाणी शेतात शिरेल, आणि शेतकऱ्यांनी आपली घरं, गोठे मातीच्या उंचवट्यांवर नव्याने बांधले. बांगलादेशातल्या खेड्यात अशा उंचवट्याला भिटा म्हणतात. तिथला शेतकरी पिढ्यानपिढ्या त्यावरच घर बांधत आलाय.