कोपर-गुडघ्यावरचा चट्टा नायट्याच्या मलमाने जात नाही. सोरायसिस (त्वचेचा दीर्घकाळ चालणारा, न पसरणारा आजार) असेल का? असेल तर निदान, नोंदीचा आयसीडी क्रमांक आणि उपचार कसे?

आधी चट्टा नीट बघा. सोरायसिसचा चट्टा जाडसर, काठ स्पष्ट, वर चंदेरी पापुद्रा. सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता जांभळट किंवा करडा दिसतो, तिथेच फसगत होते. टाळू, बेंबी, नितंबांमधली फट आणि नखांवरचे बारीक खड्डे तपासा. नायट्याची शंका असेल तर कडेचा पापुद्रा खरवडून केओएच तपासणी (पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) करा. आधी स्टेरॉइडमिश्रित मलम लावलं असेल तर दोन्हींचं रूप बदलतं. बायोप्सी क्वचितच लागते.

आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक क्रमांक-यादीत, प्लाक सोरायसिसला (जाड चट्ट्यांचा नेहमीचा प्रकार) एल४०.०. एल४०.९ म्हणजे प्रकार न नोंदवलेला. सवयीने तोच टाकू नका. सांधे सकाळी आखडत असतील तर एल४०.५ (सांध्यांचा सोरायसिस) गटही पाहा.

चट्टे थोडे असतील तर स्टेरॉइड मलम आणि कॅल्सिपोट्रिऑल (ड जीवनसत्त्वासारखं मलम). बोटाच्या पेरावरची मलमाची एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. क्लोबेटासोल (फार तीव्र स्टेरॉइड मलम) सलग दोन आठवड्यांपर्यंतच, आठवड्याला ५० ग्रॅमच्या आत. चेहरा आणि जांघेत नको.

पसारा मोठा असेल तर फोटोथेरपी (अतिनील किरणांचा उपचार) किंवा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी). ही गोळी आठवड्यातून एकदाच. चिठ्ठीवर वार अक्षरात लिहा, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. गरोदरपणात ती वर्ज्य. पोटातून स्टेरॉइड शक्यतो टाळाच. बंद करताच आजार पू भरलेल्या पुळ्या होऊन किंवा अंगभर उसळू शकतो.