अंबडमधली नोकरी आहे, नाचणीच्या बिस्किटांचा व्यवसाय करायचाय, पण पैसे बुडण्याची भीती वाटते. सुरुवात कशी करू?

ताई, राजीनामा आत्ता देऊच नका. या रविवारी फक्त एक किलो पिठाची बिस्किटं करा. तूप, गूळ, गॅस, पाकीट, सगळा खर्च वहीत लिहा, मग भाव ठरवा. फुकट वाटू नका. पैसे देऊन दुसऱ्यांदा कोण मागतं, ते बघा.

मी मसाल्यांची सुरुवात अशीच केली. पहिल्याच खेपेला मिरची जास्त भाजली गेली आणि तीन किलो मसाला कडवट झाला. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, पण नुकसान घरखर्चातून भरून काढण्याइतकंच होतं. तेव्हा गाळा भाड्याने घेतला असता तर मी पुन्हा उभी राहिले नसते.

विक्रीआधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी मात्र करा, ती ऑनलाइन होते.

भीतीचं म्हणाल, तर आपल्या चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवा. सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकायला लागला तेव्हा त्याला पाण्याचीच भीती वाटायची. 2016 मध्ये तोच रिओ ऑलिंपिकमध्ये वल्ही मारत होता.

पहिल्या घाण्याचा हिशेब जुळला नाही तर आकडे कळवा, बघून सांगते.