सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशकाची नोकरी करावी का?

एमएसडब्ल्यू झाल्यावर जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांच्या दवाखान्यात, समुपदेशकाची जागा मिळत आहे, पण ‘तिथे नुसत्या गप्पा मारायच्या आणि रजिस्टरे भरायची’ असे नातेवाईक म्हणतात, असे आपण लिहिले आहे. हेच वाक्य मी एका वरिष्ठ डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे एका गरोदर बाईची सिफिलिस या लैंगिक आजारासाठीची आरपीआर ही रक्तचाचणी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, आली. बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन दिल्यावर १:१६ असलेला टायटर (रक्तातील आजाराच्या खुणेचे प्रमाण; दुसरा आकडा जितका मोठा तितके ते जास्त) १:४ वर उतरला आणि सगळे निश्चिंत झाले. आठव्या महिन्यात तोच १:३२ निघाला. डॉक्टरांनी औषधाच्या बॅचला दोष दिला. वास्तविक सिफिलिसचा जंतू आजही पेनिसिलिनला दाद देतो. उपचार राहिले होते ते ट्रकवर असलेल्या नवऱ्याचे; त्याच्याकडून तिला पुन्हा लागण झाली होती. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे ‘चिठ्ठी दिली’, म्हणजे त्याला उपचारासाठी बोलावणारी चिठ्ठी बायकोच्या हाती दिली, एवढीच नोंद होती. ‘समोरच्या रुग्णाला औषध दिले की आपले काम संपले’, असे मला चारचौघांत सुनावण्यात आले. मी त्या बाईची संमती घेऊन नवऱ्याला फोन केला. तो आला, पण दाराशीच उभा राहिला आणि ‘मला काही त्रास नाही, मग सुई कशाला?’ एवढेच विचारत राहिला. या आजाराची जखम बहुधा दुखत नाही, औषधाविनाही भरून येते आणि आजार मात्र शरीरात राहतो, हे त्याला एकट्याला बसवून, बायकोवर बोट उठणार नाही अशा शब्दांत सांगितले, तेव्हा तो तयार झाला. दोघांना एकाच दिवशी इंजेक्शन मिळाले.

जोडीदाराला औषध मिळाले नाही तर रुग्णाचा उपचार अर्धवटच राहतो आणि हे अर्धे काम समुपदेशकच करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला गप्पा म्हणणाऱ्यांनी तो १:३२ चा अहवाल वाचावा. तेव्हा नोकरी अवश्य घ्या.

मात्र बहुतेक पदे कंत्राटी असतात, मानधन बेताचे असते, आणि पुढे कार्यक्रम अधिकारी व्हायचे असेल तर सार्वजनिक आरोग्याची पदवी उपयोगी पडेल. घरच्यांना काय सांगावे, हे आपले आपण ठरवा; रुग्णांविषयी घरी एक शब्दही काढू नका. रुजू झाल्यावर आधी रजिस्टर काढा आणि ‘चिठ्ठी दिली’ असे लिहिलेल्या प्रत्येक नोंदीपुढे औषध खरोखर दिले गेले का, ते विचारा.