गुलमोहरावर चढण्याआधी

भावा, करवत नवी घेतलीस, छान. पण आधी खाली उभा राहून दहा मिनिटं झाड बघ. बुंध्याशी अळंबी उगवलीय का, ठोकल्यावर पोकळ वाजतं का, विजेची तार कुठून जाते. तार जवळ असेल तर पुरवठा बंद झाल्याशिवाय चढायचं नाही. ओल्या फांदीतूनही शॉक बसतो.

गुलमोहर आणि शेवग्यावर भरवसा नको, मांडीएवढी फांदीसुद्धा कडकन मोडते. मी एकदा पट्टा अशाच फांदीला अडकवला होता. फांदी गेली, मी लोंबकळत राहिलो. दुसरा दोर खोडाला होता म्हणून वाचलो. तेव्हापासून दोन दोर, दोन्ही खोडालाच.

जड फांदी थेट वरून कापलीस तर साल सोलत खोडापर्यंत फाटते. खोडापासून हातभर सोडून आधी खालून पाव जाडीचा काप घे, मग जरा पुढे वरून. उरलेला ठोंब शेवटी, पण फांदीच्या मुळाशी असलेली फुगीर कड न दुखावता. जखम तिथूनच भरते. वर रंग फासायची गरज नाही, मालक काहीही म्हणो.

खाली एक माणूस हवाच, मोबाईलमध्ये डोकं घातलेला नको. आणि शहरात नुसती छाटणी असली तरी पालिकेची परवानगी लागते. कागद डोळ्यांनी बघ, मगच करवत काढ.