अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणारे ख्रिस्ती गट नेमके काय करतात आणि त्यांचा हेतू काय असतो?

आपण लिहिले आहे की आपला मुलगा ऑगस्टमध्ये एमएस करण्यासाठी अमेरिकेला गेला, विमानतळावर त्याला घ्यायला एका ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेची गाडी आली, त्याच लोकांनी त्याला गादी आणि टेबल फुकट दिले आणि आता ते त्याला दर शुक्रवारी जेवायला बोलावतात. हे लोक कोण, त्यांना पैसा कोण पुरवतो आणि यामागे धर्मांतराचा हेतू आहे का, असे आपण विचारले आहे.

मी मूळची अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, आणि आमच्या घरातली चौथ्या पिढीची ख्रिस्ती. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात मी शिकले आणि पुढे त्याच गावात नोकरी करत असताना नऊ वर्षे अशाच एका गटात स्वयंसेविका होते. आपल्या मुलाला घ्यायला आली तशी गाडी मी अनेकदा चालवली आहे, त्यामुळे माझे उत्तर त्रयस्थाचे नाही, हे आपण लक्षात घ्यावे.

हेतूबद्दल आधी सांगते, कारण आपली खरी काळजी तीच आहे. येशू ख्रिस्ताची सुवार्ता सांगावी आणि ऐकणाऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवावा, अशी या लोकांची मनापासून इच्छा असते. ती नाकारून कोणी आपण केवळ समाजसेवा करतो असे म्हणत असेल, तर तो आपल्यापासून काही लपवत आहे असे समजावे. मात्र परक्याला आपल्या घरात घ्यावे ही त्यांच्या श्रद्धेतली स्वतंत्र आज्ञाही आहे, आणि ज्या विद्यार्थ्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाही अशांसाठीही वर्षानुवर्षे गाड्या घेऊन जाणारी, पलंग वाहून नेणारी निवृत्त जोडपी मी पाहिली आहेत. तेव्हा हेतू आहे की नाही, यापेक्षा मुलाने नाही म्हटल्यावर हे लोक कसे वागतात, हे आपण पाहावे असे मला वाटते.

ऑगस्टचा तिसरा आठवडा आमच्यासाठी वर्षातला सर्वांत धावपळीचा असे. विमानतळ विद्यापीठापासून दीड तासावर, बस दिवसातून दोनदा, आणि मुले रात्री अकराला उतरत. प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यांतल्या एकीत हमखास प्रेशर कुकर, आणि चेहऱ्यावर दोन रात्रींचे जागरण. गाडीत बसल्यावर आम्ही पहिल्यांदा आपला फोन त्यांच्या हातात देत असू आणि म्हणत असू, आधी घरी कळवा. "हो आई, पोचलो, एक ताई आल्या आहेत घ्यायला, मराठीच आहेत," हे वाक्य मागच्या सीटवरून ऐकले की माझा दिवसभराचा शीण जाई. त्या प्रवासात धर्माचा विषय काढायचा नाही, असा आमच्या गटाचा नियम होता. दमलेला, परक्या देशात सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असलेला माणूस मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही, हे त्यामागचे कारण. पुढच्या शनिवारी चर्चच्या वाहनतळावर गावातल्या लोकांनी दिलेल्या गाद्या, टेबले, दिवे आणि भांडी मांडली जात आणि विद्यार्थी चिठ्ठीवरच्या क्रमांकाप्रमाणे येऊन हवे ते घेऊन जात. आपल्या मुलाचे टेबल बहुधा अशाच ठिकाणाहून आले असावे.

शुक्रवारची संध्याकाळ मात्र वेगळी असते. आधी जेवण, मग थोडे गायन आणि त्यानंतर सहा-सात जणांच्या टोळक्यांत पवित्र शास्त्राचा अभ्यास. आमच्याकडे प्रत्येकाला एकेक उतारा छापून देत असत. ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा, सोबत रंगीत पेन्सिली, आणि अध्याय-वचनांचे आकडे मुद्दाम काढून टाकलेले. मजकुरात काय दिसते ते आधी टिपायचे, मग त्याचा अर्थ काय याची चर्चा करायची आणि आपल्या आयुष्याशी त्याचा काय संबंध हे शेवटी, अशी ही पद्धत आहे. एका संध्याकाळी उधळ्या मुलाचा दृष्टान्त वाचत होतो: धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, ती उधळून परत येतो, बाप त्याला क्षमा करतो आणि घरीच राबत राहिलेला थोरला रागावतो, अशी येशूने सांगितलेली ही गोष्ट. बाकीचे सगळे बापाच्या क्षमेवर बोलत असताना सातारा जिल्ह्यातून आलेला, शेतकरी घरातला एक विद्यार्थी पहिल्याच ओळींवर थांबला. बाप जिवंत असताना धाकट्याने वाटणी मागितली, यातच सगळे आले, असे तो म्हणाला. आमच्या गावात असे मागणे म्हणजे बाप मेला असे धरून चालणे, आणि थोरल्याचा राग मला चुकीचा वाटत नाही, कारण बांध राखत तोच मागे राहिला होता. त्या टोळक्याचा प्रमुख अमेरिकन पदवीधर होता आणि हा दृष्टान्त त्याने लहानपणापासून ऐकला होता. तो पेन्सिल खाली ठेवून त्या मुलाला वाटणी, बांध आणि सातबारा यांविषयी अर्धा तास विचारत राहिला. तो विद्यार्थी पुढे ख्रिस्ती झाला नाही. दोन वर्षे तो येत राहिला आणि त्याचे म्हणणे ऐकण्यासाठी लोक त्याच्या शेजारी जागा धरत असत. विद्यापीठातली ख्रिस्ती सेवा तिच्या सर्वांत चांगल्या रूपात कशी असते, असे मला कोणी विचारले तर मी हीच संध्याकाळ सांगते.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी मी पुण्याच्या एका मुलाला शुक्रवारच्या जेवणाला बोलावले आणि जेवणानंतर शास्त्राभ्यास असतो हे सांगायचे टाळले. सांगितले तर तो येणार नाही अशी मला भीती वाटली. तो आला, जेवला, आणि कागद वाटले जाऊ लागताच उठून बाहेर गेला. मी मागे गेले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ताई, आधी सांगितलं असतं तर मी कदाचित बसलोही असतो. आता मला वाटतंय की जेवणसुद्धा खोटं होतं." त्या वाक्याने मी कित्येक रात्री झोपले नाही. त्यानंतर आमच्या प्रत्येक निमंत्रणावर जेवण किती वाजता आणि शास्त्राभ्यास किती वाजता हे वेगवेगळे लिहिले जाऊ लागले आणि मधल्या पंधरा मिनिटांत ज्याला जायचे त्याला घरी सोडायला एक गाडी तयार असे. सगळेच गट इतकी काळजी घेत नाहीत. एका गटाने तर विद्यार्थिनीने यायचे बंद करताच तिला किराणा आणण्यासाठी दिली जाणारी गाडीही बंद केल्याचे मी पाहिले आहे. माझ्या मते ते ख्रिस्ताच्या नावाला काळिमा फासणारे वागणे होते, आणि मी तसे त्यांना तोंडावर सांगितले.

पैशाबद्दल. अशा देशव्यापी संघटनांपैकी इंटरव्हर्सिटीची अमेरिकन शाखा १९४१ पासून काम करते. क्रू ही संघटना १९५१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात कॅम्पस क्रूसेड फॉर ख्राइस्ट या नावाने सुरू झाली आणि ब्रिजेस हा तिचा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा विभाग. इंटरनॅशनल स्टुडंट्स ही केवळ परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९५३ मध्ये निघाली. कॅथलिकांची न्यूमन केंद्रे त्याहून जुनी आहेत, पण त्यांचा मुख्य भर कॅथलिक विद्यार्थ्यांच्या उपासनेवर असतो. इंटरव्हर्सिटी आणि क्रू यांसारख्या संघटनांत पूर्णवेळ सेवकाला आपल्या पगारासाठी देणगीदार स्वतःच शोधावे लागतात: ओळखीची कुटुंबे, जुने मित्र, गावातल्या मंडळ्या म्हणजे चर्च, कोणी महिन्याला पन्नास डॉलर तर कोणी शंभर. आमच्या गटाच्या सेवकाची पत्नी दर महिन्याच्या शेवटी त्या सर्वांना हाताने पत्रे लिहीत असे.

सरकारी विद्यापीठ अशा गटाला जागा कशी देते, असा प्रश्न आपल्याला पडेल. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील परिसरात एका ख्रिस्ती विद्यार्थी गटाला सभागृह नाकारले गेले, तेव्हा १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की इतर विद्यार्थी गटांना जागा खुली असेल तर केवळ धार्मिक म्हणून एखाद्या गटाला ती बंद करता येणार नाही. त्याच न्यायालयाने २०१० मध्ये असेही म्हटले की विद्यापीठाला मान्यताप्राप्त गटांवर सर्व विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची अट घालता येते. हे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत. आमच्या विद्यापीठात भारतीय विद्यार्थी ज्या सभागृहात गणपती बसवत, तेच सभागृह त्याच अर्जावर आम्हाला नाताळसाठी मिळत असे.

या सगळ्याशी आपल्या महाराष्ट्राचा एक जुना धागा आहे आणि तो माझ्या घरापर्यंत येतो, म्हणून लिहिते. ऑगस्ट १८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी शेतात जमले असताना वादळी पाऊस आला आणि त्यांनी गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून आशियात सुवार्ता नेण्याविषयी प्रार्थना केली. त्या मुलांच्या खटपटीतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था उभी राहिली. त्याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल सॅम्युएल नॉट यांच्यासह फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, कंपनी सरकारचा त्यांना परत पाठवण्याचा आग्रह असताना टिकून राहिले, मराठी शिकले आणि १८२६ मध्ये प्रवासात असताना पटकीने गेले. त्यांच्या मागून आलेल्यांनी १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले आणि पुढे त्याच मिशनच्या मंडळीत माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला. म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजात सहा-सात विद्यार्थी खाली मान घालून प्रार्थना करताना दिसले की मला ते परके वाटत नाहीत.

या सेवेचा एक भाग लोकांच्या नजरेत क्वचितच येतो. विद्यार्थ्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर आलेल्या पत्नीला नोकरी करता येत नाही, गाडी येत नाही, आणि नवरा सकाळी आठला जातो तो रात्री दहाला येतो. अशा स्त्रियांसाठी अनेक चर्च आठवड्यातून एकदा सकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवतात आणि त्या वेळात मुले सांभाळतात. आमच्या वर्गात लातूरची एक मुलगी पहिले दोन महिने एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात शिकवणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईंनी तिला पुरणपोळी शिकवायला सांगितले, आणि डाळ कशी वाटायची हे इंग्रजीत समजावता समजावता ती तासभर बोलली.

आपण मुलाला काय विचारावे? गटाचे पूर्ण नाव काय आणि तो विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त गटांच्या यादीत आहे का, हे आधी विचारा. चांगला गट आपले नाव आणि आपला विश्वास दोन्ही पहिल्याच भेटीत सांगतो. कोणी त्याला घरी काही सांगू नकोस म्हणत असेल, इतर मित्रांपासून तोडत असेल, प्रत्येक लहानमोठा निर्णय विचारूनच घ्यायला लावत असेल, पैसे मागत असेल किंवा ओळख होऊन महिना उलटायच्या आत बाप्तिस्म्याची घाई करत असेल, तर त्याने तिथे जाणे थांबवावे आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण कार्यालयात जाऊन सांगावे. मी स्वतः ख्रिस्ती असूनही हे ठामपणे लिहिते, कारण दडपणाखाली दिलेल्या होकाराला आमच्या श्रद्धेतही किंमत नाही. यातले काहीच होत नसेल, तर त्याला जाऊ द्या. प्रश्न पडले तर तिथेच विचार, मतभेद असतील तर स्पष्ट बोल, असे त्याला सांगा. बहुतेक ठिकाणी त्याचे स्वागतच होईल.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. त्या दिवसांत विद्यापीठ ओस पडते, बस बंद असतात, आणि हे गट परदेशी विद्यार्थ्यांना गावातल्या कुटुंबांकडे जेवायला पाठवतात. आपल्या मुलालाही निमंत्रण येईल. एका वर्षी एका यजमान बाईंनी मला फोन करून विचारले होते की येणारा मुलगा जैन आहे, तर तो बटाटा खातो का; मी कंदमुळांविषयी सांगितल्यावर त्यांनी त्याच्यासाठी मका, भात आणि घेवड्याच्या शेंगा वेगळ्या भांड्यांत शिजवल्या. आपण शाकाहारी आहात असे आपण लिहिले आहे, म्हणून मुलाने काय चालते आणि काय चालत नाही हे आठवडाभर आधी कळवावे, आणि त्यात अंड्याचा उल्लेख जरूर करावा, कारण त्या दिवशी शेवटी वाढल्या जाणाऱ्या भोपळ्याच्या पायमध्ये अंडे असते आणि अमेरिकन यजमानांना ते शाकाहारीच वाटते.