वादळाच्या दिवसांत रात्र जागून काढायची का?

अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस भागात राहणाऱ्या मराठी घरांतून मार्च संपत आला की मला एकच प्रश्न येऊ लागतो. शब्द वेगवेगळे, गाभा एकच: 'टॉर्नेडोच्या दिवसांत मला झोप लागत नाही. घरचे म्हणतात, अति करतेस. मी खरंच अति करतेय का?' (टॉर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा, प्रचंड वेगाने फिरणारा हवेचा भोवरा.)

डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्कोच्या बाजूला राहणाऱ्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले की आमच्या पुण्यात सकाळचे सात. त्या वेळी आम्ही ऑनलाइन बोलायचो. घरात नवरा, सात वर्षांचा मुलगा, आणि उन्हाळ्यापुरते आलेले सासू-सासरे. ताई आयटीत. फोनवर हवामानाची तीन ॲप्स, शिवाय टीव्ही. आकाश भरून आलं की त्या रात्रभर हॉलमधल्या सोफ्यावर बसून रडारवरचे लाल-पिवळे पट्टे बघायच्या, पायांत बूट घालून. मुलगाही बूट घालूनच झोपायचा हट्ट धरू लागला, तेव्हा त्यांनी मला फोन केला.

भीती निराधार नव्हती, हे मी आधीच स्पष्ट केलं. वसंतात मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा, पश्चिमेकडची कोरडी हवा आणि वरून धावणारे जोराचे वारे या भागात एकत्र येतात, आणि त्यातून फिरती, अजस्र गडगडाटी वादळं उभी राहतात. अमेरिकेत वर्षाला साधारण १२०० टॉर्नेडो होतात. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या मूर गावात २४ माणसं गेली, त्यातली सात मुलं एकाच प्राथमिक शाळेतली. असल्या भागात सात वर्षांच्या मुलाच्या आईला भीती वाटली, तर त्यात वेडगळ काहीच नाही.

मग मी विचारलं, "समजा आत्ता, या मिनिटाला, टॉर्नेडोच्या इशाऱ्याने फोन कर्कश वाजला. तुम्ही पाचजण कुठे जाणार?"

त्या थांबल्या. "बाथरूममध्ये बहुतेक. नाही, जिन्याखालच्या क्लॉझेटमध्ये. पण तिथे बॅगा आहेत."

कित्येक रात्री जागून काढल्या होत्या, आणि बसायची जागा रिकामी नव्हती. हे मी अनेक घरांत पाहिलंय. काळजी करताना आपण काहीतरी करतोय असं मनाला वाटतं, त्यामुळे खरं करायचं काम राहून जातं. आणि ते काम संपतं. काळजीला मात्र शेवट नसतो. एक पट्टा पुढे सरकला की पश्चिमेला दुसरा दिसतोच.

पुढच्या वेळी त्यांनी फोन हातात धरून मला ते क्लॉझेट दाखवलं. त्या भागात घरांना तळघर सहसा नसतं. म्हणून सगळ्यात खालच्या मजल्यावरची, घराच्या मध्यभागातली, खिडकी नसलेली छोटी खोली हाच आसरा. त्यांच्या घरात ती हीच. आत सासू-सासऱ्यांच्या विमानप्रवासाच्या चार मोठ्या बॅगा, तांदळाचं पोतं, गणपतीचं मखर, आकाशकंदील. आणि मागच्या भिंतीला देवघर. सासूबाईंचा पहिला शब्द होता, "देव हलवायचे नाहीत." ताई वाद घालायच्या तयारीत होत्या. मी म्हटलं, "आधी त्यांनाच विचारा, काय कुठे ठेवायचं ते." सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच काचेच्या तसबिरी आणि समई बाहेरच्या खोलीत नेली, मूर्ती अगदी खालच्या फळीवर ठेवल्या. "वादळात देवापाशीच बसायचंय, तर काच कशाला डोक्यावर?" असं म्हणाल्या म्हणे.

बॅगा गॅरेजमध्ये गेल्या. त्या जागी प्रत्येकाचे बंद बूट आले, सायकलची हेल्मेट, मुलाचं क्रिकेटचं हेल्मेट, बॅटरी, पाणी, शिट्टी, सासऱ्यांच्या ब्लडप्रेशर-शुगरच्या गोळ्या, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात. हेल्मेटबद्दल लोक संकोचतात. संकोचू नका, टॉर्नेडोत इजा होते ती बहुतेक उडत्या-पडत्या वस्तूंनी. एका शनिवारच्या दुपारी हे सगळं झालं.

त्यानंतर आम्ही उंबरठे ठरवले, म्हणजे कशावर हलायचं आणि कशावर नाही. 'टॉर्नेडो वॉच' म्हणजे टॉर्नेडोला पोषक हवा आहे. तो मोठ्या प्रदेशासाठी, कित्येक तासांसाठी असतो. वॉच लागला की गाडी आत घ्यायची, बाहेर जायचं रद्द, फोन चार्जला लावायचे, आणि मग जेवायला बसायचं. 'टॉर्नेडो वॉर्निंग' म्हणजे टॉर्नेडो दिसलाय किंवा रडारवर त्याचं फिरणं दिसतंय. नकाशावर तेवढ्याच तुकड्यासाठी, अर्ध्या-पाऊण तासासाठी. आपलं घर त्या तुकड्यात आलं की सगळे आत, चर्चा नाही. यापेक्षा कमी कशावरही रात्री उठायचं नाही. गावातल्या भोंग्यावर विसंबायचं नाही, तो घराबाहेर असलेल्यांसाठी असतो. बंद खिडक्यांआड झोपलेल्याला तो ऐकू येईलच असं नाही. रात्री जागं राहण्याचं काम वेदर रेडिओकडे दिलं. तो वॉर्निंग आली की आपोआप वाजतो, आणि बॅटरीवरही चालतो.

रडार बघायचा तो फक्त सकाळी आणि संध्याकाळी पाचला. इथे त्या अडल्या. "आणि मध्ये काही झालं तर?"

"मध्ये काही झालं तर रेडिओ वाजेल."

पहिला आठवडा अवघड गेला. तपासण्याची सवय सोडताना भीती आधी वाढते, मग ओसरते. हे आधी सांगितलेलं नसलं तर माणूस तिसऱ्या दिवशी परत सोफ्यावर जाऊन बसतो. महिन्यातून एकदा दुपारी भोंग्याची चाचणी होते, त्या वेळी त्या मुद्दाम अंगणात उभ्या राहिल्या. हात गार पडले, छाती धडधडली, भोंगा थांबला, आणि थोड्या वेळाने धडधडही थांबली.

नवऱ्याबद्दलही बोलायला हवं, कारण अर्धा प्रश्न तिथे होता. तो 'काही होत नाही, झोप' म्हणायचा आणि विजा चमकू लागल्या की मागच्या अंगणात व्हिडिओ काढायला जायचा. घरात एकजण काळजी अजिबात उचलत नाही, तेव्हा दुसऱ्याला ती दुप्पट उचलावी लागते. मी त्याला धीर देण्याऐवजी ड्युटी दिली. ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा, म्हणजे वादळांचा अंदाज देणाऱ्या सरकारी केंद्राचा, अंदाज सकाळी त्याने वाचायचा आणि चहाच्या वेळी एका वाक्यात सांगायचा. 'काही होत नाही' हे वाक्य बंद. "आज धोक्याची पाचपैकी तिसरी पातळी आहे, मी चारला घरी येतोय," एवढं ऐकून ताईंना जो दिलासा मिळाला, तो आधीच्या सगळ्या समजावण्यांनी मिळाला नव्हता.

मुलगा विचारायचा, "आई, आपलं घर उडून जाईल?" 'छे रे, काही नाही होणार' हे उत्तर देऊ नका. मुलांना शाळेत टॉर्नेडोचा सराव असतो, त्यांना माहीत असतं की काहीतरी होऊ शकतं. "घराचं मला सांगता येणार नाही. पण वॉर्निंग आली की आपण कुठे बसायचं, ते आपल्याला माहीत आहे. दाखव बरं?" असं म्हटल्यावर तो धावत जाऊन हेल्मेट घालून बसायचा. आज्जीला हेल्मेटचा पट्टा लावून देणं, हे त्याचं काम ठरलं.

मे महिन्यात मध्यरात्रीनंतर रेडिओ वाजला. सगळे उठले. नवरा सवयीने मागच्या दाराकडे वळला, तर एरवी अवाक्षर न बोलणाऱ्या सासऱ्यांनी त्याचा दंड धरला. "आत ये." अर्धा तास पाचजण क्लॉझेटमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले. वर लिंबाएवढ्या गारा पडत होत्या. टॉर्नेडो झाला नाही. वॉर्निंग उठली, सगळे झोपायला गेले.

पुढच्या भेटीत ताई म्हणाल्या, "उगाचच झालं ना सगळं?" मी सांगितलं, अमेरिकेत टॉर्नेडो वॉर्निंगांपैकी साधारण ७० टक्के वेळा टॉर्नेडो होतच नाही. तरी प्रत्येक वेळी आत जायचं. मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या औसा भागातल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्यांच्या माहेरची माणसं गेली. "आम्हाला कुणी दहा मिनिटं आधी सांगितलं असतं तर?" एवढंच म्हणाल्या. टॉर्नेडो वॉर्निंग सरासरी साधारण तेवढीच आधी येते.

त्या रात्री वॉर्निंग उठल्यावर ताईंनी फोन न बघता अंथरूण गाठलं होतं. त्यांनी मला हे ओझरतं सांगितलं. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी बातमी तीच.

सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही. ज्यांनी टॉर्नेडो प्रत्यक्ष सोसलाय, ज्यांना ढग नसतानाही तो आवाज ऐकू येतो, वारा सुटला की श्वास कोंडतो, किंवा वादळांचे दिवस सरूनही झोप परतलेली नाही, त्यांनी तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. आघातावर वेगळे उपचार असतात आणि ते गुण देतात.

आणि अपार्टमेंटात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मी पहिल्याच भेटीत विचारते: तळमजल्यावर कुणाला ओळखता? बहुतेकांचं उत्तर नाही असंच येतं. मग मार्चच्या आत एक दिवस डबा घेऊन खाली जा, दार वाजवा आणि सरळ विचारा, 'वॉर्निंग आली तर आम्ही तुमच्याकडे येऊ का?' आजवर माझ्या माहितीत कुणी नाही म्हटलेलं नाही. ताईंकडे आता समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारं नागपूरचं जोडपं येतं. क्लॉझेटमध्ये त्यांच्या बाळासाठी जास्तीचं एक ब्लँकेट ठेवलेलं असतं.