प्रोलॉगमध्ये स्वतःच्या ऑपरेटरचा अग्रक्रम कसा ठरवायचा?

प्रोलॉग या तर्काधारित प्रोग्रॅमिंग भाषेत तुम्ही 'जवळ' आणि 'आणि' हे शब्द ऑपरेटर, म्हणजे दोन बाजू जोडणारी चिन्हं, म्हणून वापरलेत. पण नागपूरच्या वस्त्यांबद्दलचं 'सीताबर्डी जवळ धंतोली आणि रामदासपेठ' हे तुमचं वाक्य चुकीचं तुटतंय, कारण तुम्ही 'आणि'ला 'जवळ'पेक्षा मोठा अग्रक्रमाचा आकडा दिलाय. प्रोलॉगमध्ये आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट: गुणाकार ४००, बेरीज ५००. आकड्याची कमाल मर्यादा १२००. म्हणून ऑपरेटर जाहीर करणाऱ्या 'ऑप' (op) निर्देशात 'जवळ'ला ७०० आणि 'आणि'ला ६०० द्या, म्हणजे दोन्ही वस्त्या आधी एकत्र येतील. 'आणि'चा प्रकार 'एक्सएफवाय' (xfy, उजवीकडे साखळी जोडू देणारा) ठेवा, म्हणजे पुढे धरमपेठ जोडता येईल. 'एक्सएफएक्स' (xfx) प्रकारात अशी साखळी चालत नाही.

हा निर्देश फाईलमध्ये वापराच्या आधीच हवा. वाक्याची रचना 'राइट कॅनॉनिकल' (write_canonical) या छापण्याच्या आज्ञेने छापून पाहाच, नुसत्या 'राइट'मध्ये (write) रचना दाखवणारे कंस इथे दिसत नाहीत. आणि स्वल्पविरामाचा अग्रक्रम बदलायला जाऊ नका, प्रोलॉग परवानगीच देत नाही.